डोंगरापलीकडे छापलेली राई

मोजणीबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्या लपवतही नसत. वनसंशोधन केंद्रातल्या त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याला दोन कुलपं, आणि दोन्हींच्या किल्ल्या बाईंच्या गळ्यात. खोली झाडायला येणाऱ्या मावशी दारात दिसल्या की बाई टेबलावरचे कागद पालथे घालत. मावशींना अक्षरओळख नव्हती, हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. बाईंचं म्हणणं, "वाचता येत नाही असं त्या सांगतात." कुणी सहज विचारलं, "काय बाई, आज कुठे दौरा?" तर उत्तर ठरलेलं, "का? तुम्हाला कशाला हवंय?" आता असल्या माणसाशी कोण गप्पा मारणार? लोक लांबूनच मान डोलवत आणि पाठ वळली की हसत.

मोजणीबाई हे नाव पडलं ते कामावरून. जंगलातल्या झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, पुढच्या वर्षी त्याच झाडाचा त्याच जागी पुन्हा मोजायचा, आणि झाड किती भरलं ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण टेप जरा खालीवर सरकली तरी वर्षाची सगळी मोजणी खोटी पडते, आणि झाडं काही माणसांसारखी पटापट सुटत नाहीत. बाईंची उमेदीची वर्षं यातच गेली. लग्नाचं वयही त्यात निघून गेलं. त्या राहत दादा-वहिनींच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. "ठरलं असतं लग्न तरी मोडलं असतं," वहिनी म्हणायच्या, "हिने नवऱ्या मुलाची एवढी उलटतपासणी केली असती की तो मांडवातून पळाला असता." बाई यावर हसत नसत. वहिनी हे बाहेर कुणाकुणाला सांगत असतील, याचा त्या विचार करत.

त्यांचं आवडतं झाड म्हणजे काळगाभा. दिसायला अगदी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलं झाड. भुरकट साल, साधी पानं, शेजारच्या दहा झाडांत उभं केलं तर ओळखू येणार नाही. पण म्हातारपणी त्याच्या पोटात काळाभोर, वासाचा गाभा धरतो, आणि त्या गाभ्यासाठी लाकूडचोर वाटेल ते करायला तयार असतात.

तरुणपणी बाई अशा नव्हत्या. तेव्हा त्यांना काळगाभ्याची एक राई सापडली होती, आणि एका मोठ्या सभेत त्यांनी मोठ्या हौसेने पडद्यावर तिचा नकाशा दाखवला होता. टाळ्या पडल्या, चार वडीलधाऱ्यांनी पाठ थोपटली. पुढच्या हंगामात त्या टेप घेऊन गेल्या, तर राईतल्या म्हाताऱ्या झाडांच्या जागी नुसते बुंधे. हे कुणी केलं? सभेतल्या कुणी, चहा फिरवणाऱ्याने, की पडद्याचं यंत्र लावणाऱ्याने, ते कधीच कळलं नाही. कळलं असतं तर एकावर राग धरून त्या मोकळ्या झाल्या असत्या. कळलं नाही म्हणून त्यांनी तो सगळ्यांवर धरला.

पुढे एका म्हाताऱ्या वनरक्षकाने त्यांना दुसरी राई दाखवली. तो वनरक्षक आता हयात नव्हता, म्हणजे ती जागा जिवंत माणसांपैकी एकट्या बाईंना ठाऊक होती. वर्षातून एकदा त्या एकट्याच जात, दोन वळणं मुद्दाम जास्त घेत, मागे कुणी नाही ना हे बघत. तिथे त्या प्रत्येक झाडाचा घेर मोजत. मग पोकळ गिरमिटाने झाडाच्या पोटातून पेन्सिलीएवढी काडी काढून गाभा कुठवर आलाय ते बघत, आणि भोक मेणाने बुजवून त्या झाडाला थोपटून येत. हो, थोपटून. माणसांना जे कधी मिळालं नाही ते त्या झाडांना मिळे.

एवढ्या वर्षांच्या मोजणीतून एक गोष्ट उघड झाली. ज्या झाडांनी गाभा धरलाय, त्यांचंच बी रुजतं. बाकीची फुलतात, फळतात, पण सगळं वांझ. म्हणजे चोर नेमकी जी झाडं नेतो, तीच राईच्या लेकुरवाळ्या बाया. ती गेली की उरलेली राई हिरवीगार दिसते खरी, पण तिचा वंश संपलेला असतो. ही गोष्ट वनखात्याला कळायलाच हवी होती. न छापता ती कळणार कशी, हा प्रश्न बाईंना छळत होता.

अशा वेळी केंद्रात एक नवा संशोधक आला. चालताना पळायचा, बसल्या जागी पाय हलवायचा, म्हणून त्याला सगळे लगबग्या म्हणत. आकडेमोडीत मात्र पोरगा हुशार. बाईंनी त्याला नुसते आकडे दिले, जागा सांगितली नाही. त्याने आकड्यांतून बाईंचं म्हणणं चोख सिद्ध करून दाखवलं आणि वर सल्लाही दिला.

"मॅडम, हा पेपर खुल्या जर्नलमध्ये देऊ या. वनविज्ञानाचं चांगलं जर्नल आहे. कुणालाही वाचता येतं, फुकट."

बाईंचे कान टवकारले. "फुकट? मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

"छापायचा खर्च लेखकाची संस्था देते."

"म्हणजे लिहायचं आपण, खर्च आपण करायचा, आणि वाचणार चोर. छान आहे."

"चोर कशाला वाचतील, मॅडम? आणि दुसऱ्या जर्नलांचं बघा ना. तिथला पेपर वाचायला वर्गणी लागते. जंगलात गस्त घालणारा वनरक्षक ती कुठून भरणार? ज्याच्यासाठी आपण लिहितो त्यालाच ते दिसत नाही."

 बाईंना तो म्हातारा वनरक्षक आठवला. त्या "बघू" म्हणाल्या. लगबग्याने ते "हो" समजून त्याच दिवशी कामाला सुरुवात केली. त्याची ही घाईही बाईंना खटकली. याला एवढा कसला उत्साह?

शोधनिबंध गेला. तो वाचून मत देणारे दोन परीक्षक नेमले गेले आणि त्यांची पत्रं आली. पहिल्याने भरभरून कौतुक केलं होतं. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. ओळख ना पाळख, आणि एवढं गोड? कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्याचं पत्र कोरडं होतं आणि त्यात एक मागणी होती. राई नेमकी कुठे आहे, ते नकाशासकट द्यावं, शिवाय जर्नलच्या नियमाप्रमाणे सगळे मूळ आकडे वाचकांसाठी खुले ठेवावेत. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. याला जागा कशाला हवी? झाडांच्या पोटात काय आहे ते वाचून त्याचं समाधान होत नाही?

"मॅडम, सगळेच विचारतात हे," लगबग्या म्हणाला. "जागा कळल्याशिवाय उंची, उतार, पाऊस कसा ताडून बघणार?"

"हं," बाई म्हणाल्या.

दोन दिवस बाईंनी ते पत्र कपाटात ठेवलं. मग दार लावून नकाशा पसरून बसल्या. राईच्या शेजारी एक डोंगर होता आणि डोंगरापलीकडे तशीच दुसरी दरी. तोच उतार, तेवढीच उंची, तळाशी तसाच ओढा. त्या दरीत काळगाभ्याचं औषधालाही झाड नव्हतं. बाईंनी अक्षांश-रेखांशाचे आकडे असे बदलले की सगळीच्या सगळी राई उचलून डोंगरापलीकडे जाऊन बसली. शास्त्रात काही फरक पडत नव्हता. झाडं खरी, घेर खरे, गाभा खरा, फक्त पत्ता खोटा. चोर आलाच तर बसेल त्या दरीत टाळ कुटत.

बदललेले आकडे त्यांनी लगबग्याकडे दिले. त्याने नकाशावर ठिपके उमटवले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "शेवटी तुम्ही मला सांगितलंत. राई कुठेय ते." त्याचा चेहरा असा उजळला होता की दुसरं कुणी असतं तर लाजेने मान खाली गेली असती. बाईंची नाही गेली. त्या कपाटाला कुलूप लावत होत्या.

आता एकच विघ्न उरलं होतं, ते म्हणजे संपादक. कुठल्याशा दूरच्या शहरातून त्यांचं सभ्य पत्र आलं. 'मौल्यवान झाडांवर लिहिणारे काही लेखक नेमकी जागा झाकून ठेवतात. आमची त्याला हरकत नाही, उलट तसं करावंच. फक्त जागा झाकली आहे एवढं एक वाक्य निबंधात घाला, म्हणजे वाचणारा फसणार नाही. तुमच्या निबंधात तसं काही आहे का?'

हा कुठला शहाणा! म्हणजे आपण आपल्या तोंडाने चोराला सांगायचं, की बाबा रे, इथे नाही, जरा आजूबाजूला शोध? आणि हा मुद्दाम विचारतोय, ते का? जाळं टाकून बघतोय झालं. बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. त्यांनी उत्तर लिहिलं, 'दिलेली जागा अचूक आहे.' आणि पत्र पाठवून टाकलं.

निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा केंद्रात पहिल्यांदाच लोक बाईंच्या खोलीत आत येऊन अभिनंदन करून गेले. घरी वहिनी फोन घेऊन जिना चढून वर आल्या.

"अगं, हे माझ्यासुद्धा फोनवर उघडलं! पैसे नाहीत, काही नाही."

"तुला कुणी सांगितलं उघडायला?"

"कुणी म्हणजे? नणंदेचं नाव छापून आलंय, बघू नको? एक अक्षर कळलं नाही मला त्यातलं. पण हा ठिपक्यांचा नकाशा छान दिसतो हं. इथे असतात होय तुझी झाडं?"

"हो, तिथेच," बाई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांची जीभ आता अडखळत नव्हती.

त्यानंतर बाई खऱ्या राईकडे फिरकल्याच नाहीत. आपल्या पावलावर पाऊल ठेवून कुणी आलं तर? मोजणीचा हंगाम चुकला तरी चालेल. पण खोट्या दरीत मात्र त्या अधूनमधून जाऊ लागल्या. पिंजरा लावून उंदराची वाट बघणाऱ्याच्या उत्साहाने त्या ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पावलं शोधत. बराच काळ काही मिळालं नाही, तर त्यांचीच थोडी निराशा झाली.

आणि एक दिवस मिळालं. बुटांचे ठसे, एका माणसाचे नव्हे, चांगले पाच-सहा जणांचे. पुढे गेल्या तर झाडाझाडाला लाल फिती बांधलेल्या, बरोबर त्या छापलेल्या ठिपक्यांच्या भोवती. बाईंचं काळीज धडधडू लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत निम्मा आनंदच होता. आले! वाचून आले! आयुष्यभर जग आपल्याला संशयी म्हणून हसलं, आता या म्हणावं आणि बघा. आपण राई वाचवली, नाहीतर आज इथे करवती चालल्या असत्या. हे कळवलं कुणी असेल तेही त्यांच्या मनात स्पष्ट होतं. नकाशा कुणी काढला? जागा कळल्यावर तोंड कुणाचं उजळलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लगबग्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"काय, मॅडम?"

"दरीत फिती बांधल्यात. माणसं आली होती. तू कुणाला काय दिलंस, मुकाट्याने सांग."

लगबग्याचा हलणारा पाय थांबला. मग तो हसला, अगदी मोकळं. "अरेच्चा, तुम्ही बघितलंत पण! मी तुम्हाला पक्कं झाल्यावर सांगणार होतो. त्या वनखात्याच्या फिती आहेत, मॅडम. त्या दरीतून नवा रस्ता जाणार होता. मला बातमी कळली, तसा मी आपला पेपर घेऊन रस्त्याच्या कार्यालयात गेलो. चार खेटे घातले. पेपर खुला, तिथल्या तिथे त्यांच्या पडद्यावर उघडून दाखवला. मानलं त्यांनी! ती दरी राखीव झाली. वनखात्याने लगेच हद्द आखली."

बाई उभ्याच होत्या. "झाडं बघितली का त्यांनी?"

"ती काय ओळखू येतात कुणाला? तुम्हीच लिहिलंय. त्यांनी नकाशावरचे ठिपके बघितले आणि फिती बांधल्या." तो पुन्हा हसला. "आपल्या पेपराने राई वाचवली, मॅडम."

"आणि रस्ता?"

"तो आता डोंगराच्या दुसऱ्या अंगाने नेतायत. तिकडे नुसतं साधं रान आहे, काही अडचण नाही. काम सुरूही झालं असेल."

 बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, टेबलाला धरून खाली फरशीवरच बसल्या. लगबग्या घाबरून पाणी आणायला धावणार, तेवढ्यात त्यांनी त्याचा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. त्याने हात सोडवून घेतला. पाणीही आणलं. पण त्यानंतर त्यांच्याकडे बघितलं नाही.

रस्त्याच्या कार्यालयातले साहेब जाडजूड, शांत गृहस्थ होते. टेबलावर फायलींची चळत, भिंतीवर नकाशा, आणि नकाशावर रस्त्याची ताजी निळी रेघ. ती रेघ बाईंच्या राईतून अशी गेली होती, की ओळंबा लावून काढल्यासारखी. बाईंनी बोट ठेवून सांगितलं, राई इथे आहे, तिथे नाही.

साहेबांनी पडद्यावर तोच शोधनिबंध उघडला. "हा तुमचा ना? यात तर तिथे लिहिलंय."

"ते खोटं लिहिलं होतं मी. चोरांसाठी."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, आणि आता खरं बोलताय."

"हो."

"कशावरून?"

 हा प्रश्न जन्मभर बाईंनी दुसऱ्यांना विचारला होता, आणि त्याला उत्तर नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

साहेब रागावले नाहीत, त्यांनी नुसता सुस्कारा टाकला. "बाई, रस्ता अडवायला लोक काय काय घेऊन येतात, तुम्हाला कल्पना नाही. परवा एकाने पिढ्यानपिढ्यांचा झरा आणला. बघायला गेलो तर नळ फुटलेला. आता तुम्ही झाडं आणलीत. तिकडे कुणाची जमीन आहे का तुमच्या नात्यातल्या?"

"माझी कुणाची काही नाही."

"असेल. पण मी एकदा छापील निबंधावर रस्ता वळवलाय. आता तोंडी शब्दावर परत वळवला तर माझी नोकरी जाईल. ज्यांनी छापलं, त्यांनाच म्हणू द्या की चुकीचं छापलं. मग बोलू."

केंद्रात परत आल्यावर बाईंनी संपादकांना पत्र लिहिलं. लगबग्या शेजारी बसला होता, कारण त्याचंही नाव निबंधावर होतं आणि त्याला ते वाचणं भाग होतं. बाईंनी लिहिलं, 'जागा मी खोटी दिली. जाणूनबुजून दिली. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले. माझ्या सहलेखकाला यातलं काही माहीत नव्हतं. राईतून रस्ता जातो आहे, म्हणून निबंधावर तातडीने तसं लिहावं.' सहलेखकाचं वाक्य त्यांनी आधी शेवटी घातलं होतं, मग उचलून वर आणलं. 

उत्तर लवकर आलं. संपादकांनी लिहिलं होतं, 'सविस्तर चौकशी नंतर होईलच. तोपर्यंत निबंधाच्या माथ्यावर सूचना लावली आहे, की राईची छापलेली जागा खोटी आहे आणि ती लेखिकेने हेतुतः तशी दिली होती. सहलेखकाबद्दलचं तुमचं म्हणणंही त्यात आहे. ही सूचना कायम राहील आणि कुणालाही वाचता येईल. खरी जागा छापायची गरज नाही. ती तेव्हाही नव्हती.'

शेवटचं वाक्य वाचून बाईंना रडू फुटलं. एका वाक्याचं काम होतं. 'जागा झाकली आहे' एवढं लिहिलं असतं, तर लगबग्याने खरी जागा विचारली असती, साहेबांनी विचारली असती, आणि रेघ ओढण्याआधी कुणीतरी या खोलीचं दार वाजवलं असतं. चोराला काही कळू नये म्हणून त्यांनी कुणालाच काही कळू दिलं नव्हतं.

सूचना पडद्यावर वाचल्यावर साहेब उठले. "चला, दाखवा," एवढंच म्हणाले. गाडीत साहेब पुढे, मागे बाई आणि लगबग्या. डोंगराला वळसा घालताना बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, "इथून डावीकडे नको, जरा पुढून..." आणि त्या थांबल्या. आता कुणाला चकवायचं होतं? "इथूनच डावीकडे," त्या म्हणाल्या.

करवतीचा आवाज गाडी थांबायच्या आधीच ऐकू आला. साहेबांनी खाली उतरून हात वर केला, ओरडले, आणि आवाज बंद पडला. पण राईची खालची कड गेली होती. झाडं एकावर एक आडवी पडली होती. त्यातलं सर्वांत मोठं, ज्याच्या बियांतून वरच्या उतारावरची रोपं आली होती, ते वाटेवरच पडलेलं होतं आणि त्याचं कापलेलं तोंड बाईंच्या समोर होतं. इतकी वर्षं ज्या गाभ्याच्या नुसत्या काड्या बघितल्या, तो पहिल्यांदाच अख्खा दिसत होता. काळाभोर, ओलसर. त्याचा वास सगळीकडे पसरला होता.

मुकादम पुढे आला. बिचारा गोंधळला होता. "साहेब, आम्हाला तर सांगितलं होतं, इकडे नुसतं रान आहे. कागदावर तसंच होतं. कापल्यावर आत हे काळं दिसलं, तेव्हा आम्हीच चक्रावलो. आधी कुणी सांगितलं असतं, तर कशाला हात लावला असता?"



"रेघ बदलायला मला वर लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "तोवर काम बंद ठेवतो. पण उद्या मी इथे नसेन. ही माणसं असतील, दुसरी येतील. कुठली झाडं राखायची ते त्यांना कळलं पाहिजे. मला तर सगळी सारखीच दिसतात. यातली काळगाभ्याची कुठली आणि गाभा धरलेली कुठली, ते आत्ता खुणा करून द्या."

मुकादमाने गाडीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून दिला. लगबग्याने तो घेतला आणि बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला.

बाईंनी समोर बघितलं. करवतवाले होते, यंत्राचा चालक होता, मुकादम होता. कुणाचीच नावं त्यांना माहीत नव्हती. सगळ्यांचे डोळे त्या काळ्या गाभ्यावर होते. एकाने खाली वाकून ढलपी उचलली, नाकाशी धरली आणि खिशात टाकली. बाईंनी त्याचा चेहरा लक्षात ठेवला. हाच असेल. किंवा तो मागे उभा असलेला, जो बघत नाही असं दाखवतोय तो. अंधार पडल्यावर परत यायला यांना रस्ताही आयता झालाय. खूण केली तर चोराच्या हातात यादी दिल्यासारखं आहे, आणि नाही केली तर उद्या सकाळी यातलं कुठलंही पडेल.

"मॅडम," लगबग्या म्हणाला. गाडीत बसल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "सांगा."

बाई उतारावर दोन पावलं चढल्या. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी पहिल्या झाडाच्या सालीवर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच राहिला.

"हे," त्या म्हणाल्या.

लगबग्याने रंगाचा पट्टा ओढला. बाई पुढच्या झाडापाशी गेल्या. तिथून त्यांनी वळून त्या माणसांचे चेहरे एकेक करून बघितले, ढलपी खिशात टाकणाऱ्याचाही, आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हेही."